फ्लॉपी ड्राइव्ह : दोषनिदान व दुरुस्तीचा इतिहास

लवचिक चुंबकीय चकतीवर माहिती लिहिणाऱ्या व तीवरील माहिती वाचणाऱ्या संगणकीय उपकरणास फ्लॉपी ड्राइव्ह असे म्हणतात. १९७१ पासून सु. २००० पर्यंतच्या तीन दशकांत संगणकावरील मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे हे एक प्रमुख साधन होते. हिशेबाची खाती, संशोधनाची टाचणे, पुस्तकांची हस्तलिखिते, संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावली इ. अनेक प्रकारचा मजकूर या चकत्यांवर साठविला गेला. पुढे हे साधन सर्वसामान्य वापरातून गेले. चकत्या मात्र कपाटांत राहिल्या. त्यामुळे जुना ड्राइव्ह दुरुस्त करणे हा आज केवळ यंत्राचा प्रश्न राहिलेला नसून तो दप्तराच्या जतनाचा प्रश्न झाला आहे.

या ड्राइव्हच्या दोषांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा दोष ड्राइव्ह एकटा असताना दिसत नाही. ज्याचे शीर्ष आपल्या जागेवरून ढळले आहे असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेली चकती बिनचूक वाचतो. तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली म्हणजे दोष उघड होतो. ड्राइव्हच्या रचनेत, दोषनिदानाच्या पद्धतीत व जुन्या चकत्यांच्या जतनात हीच अडचण पुनःपुन्हा आढळते.

उगम : १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या सॅन होझे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेपुढे एक व्यावहारिक अडचण होती. सिस्टिम/३७० या मालिकेतील संगणकांची नियंत्रक आज्ञावली अर्धसंवाहक स्मृतीत ठेवावयाची होती; परंतु वीजपुरवठा बंद होताच ही स्मृती पुसली जाई. यंत्र सुरू करताना आज्ञावली पुन्हा भरण्यासाठी आणि तीत सुधारणा झाल्यास ती दूरच्या ग्राहकाकडे पाठविण्यासाठी स्वस्त व हलके साधन हवे होते. डेव्हिड नोबल यांनी १९६७ मध्ये हे काम हाती घेतले. त्यातून पातळ प्लॅस्टिकवर लोह ऑक्साइडाचा लेप दिलेली ८ इंच (सु. २० सेंमी.) व्यासाची चकती निर्माण झाली.

पहिल्या प्रायोगिक चकत्या उघड्या होत्या. या पद्धतीत शीर्ष चकतीला प्रत्यक्ष टेकून चालत असल्यामुळे दोहोंमध्ये धुळीचा कण अडकला की, चकतीवर ओरखडा उठे व वाचनात चुका होत. उपाय म्हणून चकती एका चौकोनी पाकिटात कायमची बंद करण्यात आली व पाकिटास आतून मऊ कापडाचे अस्तर लावण्यात आले. चकती फिरत असताना हे अस्तर तिच्या पृष्ठावरील धूळ पुसून घेई. हे फ्लॉपीच्या इतिहासातील पहिले दोषनिवारण म्हणता येईल. १९७१ मध्ये वापरात आलेला हा पहिला ड्राइव्ह फक्त वाचन करणारा असून चकतीवर सु. ८० किलोबाइट माहिती मावत असे.

लेखन व वाचन अशी दोन्ही कार्ये करणारा ड्राइव्ह मेमोरेक्स या कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणला. १९७३ मध्ये आयबीएमने ३७४० ही माहिती-नोंदणी प्रणाली प्रसृत केली. तिच्या चकतीवर ७७ वर्तुळाकार पथ, प्रत्येक पथाचे २६ खंड व प्रत्येक खंडात १२८ बाइट अशी मांडणी होती. वापरकर्त्याच्या माहितीसाठी राखलेल्या ७३ पथांवर १,८९८ नोंदी बसत. म्हणजे छिद्रपत्रांचा एक मोठा गठ्ठा एका पाकिटात मावू लागला. नोंदणी करणारे यंत्र व ती नोंद वाचणारा संगणक येथे वेगवेगळे होते. त्यामुळे एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याने वाचले पाहिजे ही अट रूढ झाली आणि ती पाळण्यासाठी दोन्ही यंत्रांत काटेकोर यांत्रिक मेळ आवश्यक ठरला.

रचना व कार्य : ड्राइव्हमध्ये दोन गती असतात. एक विद्युत् चलित्र चकती ठराविक वेगाने फिरविते व दुसरे, ठराविक अंशांच्या पायऱ्यांनी फिरणारे चलित्र, शीर्षाला चकतीच्या केंद्राकडे अथवा कडेकडे सरकविते. फिरणारी गती शीर्षाच्या सरळ गतीत रूपांतरित करण्यासाठी सर्पिल खाच असलेली तबकडी, आट्यांचा दंड किंवा पातळ पोलादी पट्टी वापरतात. याशिवाय शीर्ष सर्वांत बाहेरच्या म्हणजे शून्याव्या पथावर आल्याचे, चकतीचा एक फेरा पुरा झाल्याचे व चकतीवर लिहिण्यास मनाई असल्याचे ओळखण्यासाठी प्रकाश-संवेदक किंवा लहान खटके असतात. एका बाजूवर लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये चकती शीर्षावर दाबून धरण्यासाठी समोरून नमद्याची लहान गादी असते. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये गादीऐवजी दुसरे शीर्ष असते.

या यंत्रणेतील अंतरे अत्यंत सूक्ष्म आहेत. सव्वापाच इंची चकतीवर सुरुवातीस एका इंचात ४८ पथ असत, म्हणजे शेजारच्या दोन पथांत सु. ०.५३ मिमी. अंतर पडे. पुढे इंचात ९६ व साडेतीन इंची चकतीवर १३५ पथ आखले जाऊ लागले. तेथे हे अंतर सु. ०.१९ मिमी. इतकेच आहे. शीर्ष योग्य जागी आले की नाही हे पाहणारी यंत्रणा नेहमीच्या ड्राइव्हमध्ये नसते. शून्याव्या पथापासून मोजलेल्या पायऱ्या टाकून शीर्ष इष्ट पथावर आले असावे, असे गृहीत धरले जाते. आरंभबिंदू चुकला तर पुढील सर्व पथ तेवढ्याच अंतराने चुकतात.

गतीलाही असेच महत्त्व आहे. अनेक आठ इंची ड्राइव्हमध्ये चकती फिरविणारे चलित्र घरगुती प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चाले व त्याची गती पुरवठ्याच्या कंप्रतेवर अवलंबून असे. अमेरिकेत कंप्रता ६०, तर भारतात व यूरोपात ५० असल्यामुळे मिनिटास ३६० फेऱ्यांसाठी बनविलेला अमेरिकन ड्राइव्ह येथे ३०० फेऱ्यांनीच फिरला असता. यासाठी अशा देशांकरिता वेगळ्या व्यासाची कप्पी व तिला जुळणारा पट्टा बसवावा लागे. ड्राइव्ह चालू होतो, दिवा लागतो, चकती फिरते, पण अक्षरही वाचले जात नाही, या तक्रारीचे मूळ कधीकधी एवढ्या एका कप्पीत असे.

स्वस्त ड्राइव्ह व नवे दोष : शुगार्ट असोशिएट्स या कंपनीने १९७६ मध्ये एसए४०० हा सव्वापाच इंची ड्राइव्ह विकावयास आणला. त्यात ३५ पथ असून चकती मिनिटास ३०० फेऱ्या करी. आकार व किंमत या दोन्हींमुळे तो व्यक्तिगत संगणकांना सोयीचा होता. १९७८ मध्ये ॲपल कंपनीच्या डिस्क-२ या ड्राइव्हसाठी स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी शुगार्टची यांत्रिक जोडणी ठेवून बरीचशी विद्युत् मंडले काढून टाकली व त्यांचे काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविले. शून्याव्या पथाचा संवेदकही त्यात नव्हता. आज्ञावली शीर्षाला आवश्यक त्याहून अधिक पायऱ्या बाहेर सरकविण्यास सांगे व शीर्षाचा वाहक अडसरावर आपटून थांबे. संगणक सुरू करताना येणारा खडखडाट याचाच होता. तो दोष नव्हे. याउलट, जोडतार लावताना वीस खिळ्यांच्या जोडात जागा चुकली, तर ड्राइव्हमधील ७४एलएस१२५ क्रमांकाचे संकलित मंडल जळून जाई. या ड्राइव्हच्या दुरुस्तीत हे मंडल प्रथम तपासण्याची प्रथा आजही आहे.

कमोडोर कंपनीच्या १५४१ या १९८२ मधील ड्राइव्हमध्येही शून्याव्या पथाचा संवेदक नव्हता. चकतीची अनधिकृत नक्कल टाळण्यासाठी काही खेळांच्या चकत्यांवर मुद्दाम सदोष खंड ठेवीत. असा खंड आला की, ड्राइव्ह चूक समजून शीर्ष पुनःपुन्हा अडसरावर आपटी. चलित्राच्या दांड्यावर केवळ दाबून बसविलेली कप्पी या धक्क्यांनी हळूहळू घसरे. वीजपुरवठ्याचा रोहित्र त्याच पेटीत असल्याने निर्माण होणारी उष्णता अडचणीत भर घाली. शीर्ष ढळल्यावरही ड्राइव्ह नव्या चकत्या लिही व वाची. जुन्या किंवा विकत आणलेल्या चकत्या वाचल्या जाईनात, तेव्हा मालकास चकतीच खराब असल्याचा संशय येई.

१९८१ मध्ये आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकात बसविलेले ड्राइव्ह टँडन कॉर्पोरेशन या कंपनीचे होते. मूळचे भारतीय असलेले अभियंते सरजंग लाल टँडन यांनी ही कंपनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केली. चुंबकीय शीर्षे बनविणे हा तिचा प्रारंभीचा व्यवसाय असून ते काम हातकौशल्याचे व वेळखाऊ असल्यामुळे त्याचे उत्पादन भारतात केले जाई. १९८० च्या दशकात मुंबईतील सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्रातही टँडन उद्योगाचा कारखाना होता.

दोषनिदानाची रीत : अनुभवी तंत्रज्ञ तपासणी सोप्याकडून अवघडाकडे नेतात आणि शीर्षाच्या जागेला सर्वांत शेवटी हात लावतात. कोणत्याही तपासणीपूर्वी ड्राइव्हमधील महत्त्वाची चकती काढून घेऊन निरुपयोगी चकती वापरणे हा पहिला नियम होय. कारण मळलेले शीर्ष एका फेऱ्यात चकतीचा लेप खरवडू शकते.

प्रथम विद्युत् पुरवठा व जोडणी पाहतात. सव्वापाच इंची ड्राइव्हला बहुधा ५ व १२ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. त्यांपैकी १२ व्होल्टचा पुरवठा नसेल, तर चलित्र फिरत नाही. शुगार्टच्या जोडणीत एकाच तारपट्टीवर चार ड्राइव्ह जोडता येत. प्रत्येकाचा क्रमांक लहान खटक्याने किंवा खिळ्यांवरील टोपीने ठरवावा लागे व तारपट्टीच्या शेवटच्या ड्राइव्हवरच समापक रोधक ठेवावा लागे. दोन ड्राइव्हना एकच क्रमांक दिला गेला, तर दोन्ही एकदम उत्तर देत. आयबीएमने तारपट्टीतील काही तारांना पीळ देऊन हा त्रास कमी केला. त्यामुळे सर्व ड्राइव्हना एकच क्रमांक देता येऊ लागला. अशा संगणकात ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहिला, तर तारपट्टी उलटी बसली आहे असे समजतात.

त्यानंतर शीर्षाची स्वच्छता येते. वाचनातील चुकांचे हे सर्वांत सामान्य कारण होय. शीर्षावर जमलेला ऑक्साइडाचा तपकिरी थर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहॉलात बुडविलेल्या बोळ्याने हलक्या हाताने काढतात. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये वरच्या शीर्षाची भुजा अधिक उचलल्यास तिची पातळ स्प्रिंग वाकते व ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो. संवेदकांवरील धूळही याच वेळी झटकतात. शून्याव्या पथाचा संवेदक झाकला गेल्यास शीर्ष अडसरावर आपटत राहते.

तिसरी तपासणी गतीची. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक ड्राइव्हच्या जड चाकावर काळ्या-पांढऱ्या खुणांची दोन वर्तुळे छापलेली असतात. ५० कंप्रतेच्या पुरवठ्यावरील जुन्या नलिकादिव्याचा प्रकाश सेकंदास १०० वेळा लुकलुकतो आणि ३०० फेऱ्यांच्या गतीने चाक सेकंदास ५ वेळा फिरते. म्हणून २० खुणांचे वर्तुळ स्थिर भासले, तर गती बरोबर असते. ६० कंप्रतेसाठी २४ खुणा लागतात. खुणा पुढे वा मागे सरकताना दिसल्यास परिवर्ती रोधक फिरवून गती जुळवितात. आजच्या पुष्कळ दिव्यांचा प्रकाश असा लुकलुकत नाही. त्यामुळे फेऱ्याचा काळ संगणकानेच मोजणे अधिक भरवशाचे ठरते. पट्टा सैल पडणे किंवा रबर वितळून चिकट होणे हा जुन्या यंत्रांतील नेहमीचा दोष असून ॲमस्ट्रॅड कंपनीच्या तीन इंची ड्राइव्हमध्ये तो विशेष आढळतो. याच अवस्थेत सुकलेले वंगण काढून नवे लावतात व धारित्रांतील द्रव गळून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या आहेत काय, हेही पाहतात.

एक दोष मात्र वाचन बिनचूक असतानाही घातक ठरतो. १९८४ नंतरच्या आयबीएम पद्धतीच्या संगणकांत चकती बदलल्याची सूचना ड्राइव्ह एका स्वतंत्र तारेवरून देतो. ती तार तुटली, तर नवी चकती घातल्यावरही पडद्यावर आधीच्या चकतीचीच यादी दिसते. अशा वेळी काही लिहिल्यास संगणक पहिल्या चकतीचा नकाशा प्रमाण मानून दुसरीवर लिहितो व तीवरील मजकूर नष्ट होतो.

शीर्षाचे संरेखन : वरील सर्व कारणे दूर करूनही दुसऱ्या ड्राइव्हच्या चकत्या वाचल्या जात नसतील, तरच संरेखन तपासतात. यासाठी अतिशय अचूक यंत्रावर तयार केलेली खास चकती लागते. डायसान कंपनीच्या अशा चकत्या कार्यशाळांतून प्रचलित होत्या. या चकतीवर योग्य पथाच्या दोन्ही बाजूंना किंचित विकेंद्री असे दोन संकेत नोंदलेले असतात. शीर्षाने वाचलेला संकेत दोलनदर्शकाच्या पडद्यावर मांजराच्या डोळ्यांसारख्या दोन आकृत्यांच्या रूपाने दिसतो. दोन्ही डोळे सारखे असतील, तर शीर्ष मध्यावर असते. एक लहान व दुसरा मोठा असल्यास ते एका बाजूस सरकलेले असते. स्क्रू सैल करून चलित्र किंवा वाहक किंचित सरकवितात व डोळे समान झाल्यावर पुन्हा घट्ट करतात.

या दुरुस्तीत एक धोका दडलेला आहे. ढळलेल्या ड्राइव्हने वर्षानुवर्षे लिहिलेल्या चकत्या त्याच्याच चुकीच्या मापाशी जुळलेल्या असतात. तो ड्राइव्ह मानकानुसार नीट केला की, त्याला स्वतःच्या जुन्या चकत्या वाचता येईनाशा होतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ शीर्ष हलविण्यापूर्वी मालकाच्या सर्व चकत्यांची नक्कल करून घेई. ही दक्षता न घेतल्याने होणारी हानी यंत्र बिघडल्याने होणाऱ्या हानीपेक्षा मोठी असू शकते.

उतरती कळा व जतन : सोनी कंपनीने १९८० च्या सुमारास विकसित केलेल्या साडेतीन इंची चकतीला कठीण आवरण, सरकते झाकण व धातूचे मध्यचक्र होते. १९८७ पासून तीवर १.४४ मेगाबाइट माहिती मावू लागली. ड्राइव्ह स्वस्त होत गेले, तसे बिघडलेला ड्राइव्ह दुरुस्त करण्यापेक्षा नवा बसविणे परवडू लागले. संरेखनाची चकती, दोलनदर्शक व ती विद्या जाणणारे हात कार्यशाळांतून नाहीसे झाले. सोनीने चकत्यांचे उत्पादन २०११ मध्ये थांबविले. अमेरिकेच्या हवाई दलाने अण्वस्त्रविषयक संदेशयंत्रणेतील आठ इंची चकत्यांचा वापर २०१९ मध्ये संपविला, तर जपान सरकारने चकतीवरच माहिती सादर करण्याची सक्ती करणारे नियम २०२४ पर्यंत रद्द केले.

यानंतर दुरुस्तीविद्येची गरज वेगळ्या कारणाने निर्माण झाली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ मधील खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे मानले जात होते. २०१२ मध्ये तिचे कर्ते जॉर्डन मेक्नर यांच्या वडिलांना एका खोक्यात चकत्या सापडल्या व त्यांवरून ती परत मिळविता आली. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये संगणकावर काढलेली चित्रे त्यांच्या चकत्यांवरून मिळाल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. अशा कामांसाठी आता चकतीवरील चुंबकीय बदलांमधील कालांतरे जशीच्या तशी नोंदणारी लहान साधने वापरतात. क्रायोफ्लक्स व ग्रीझविझल ही त्यांपैकी होत. चकतीवरील मांडणी कोणत्या संगणकाची होती हे नंतर आज्ञावलीने ठरविता येते. तरीही शीर्ष चकतीला टेकलेच पाहिजे व पथावर आलेच पाहिजे. धुळीचा व संरेखनाचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. उलट, चकती ज्या चुकीच्या मापाने लिहिली गेली असेल त्या मापाला आता ड्राइव्हलाच जुळवून घ्यावे लागते.

दमट हवेत ठेवलेल्या चकत्यांवर बुरशी धरते व जुन्या लेपातील बंधक द्रव्य विघटित होऊन ऑक्साइड सुटू लागतो. महाराष्ट्र व गोवा येथील पावसाळी हवेत ही काळजी विशेष आवश्यक आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक पायरी येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अक्षरजुळणीसाठी वापरलेल्या अनेक टंकांची संकेतने परस्परांशी जुळत नसत. त्यामुळे चकतीवरील प्रत्येक बाइट अचूक मिळाला, तरी मूळ टंक हाती असल्याखेरीज मजकूर अक्षररूपाने दिसत नाही. चकतीच्या पाकिटावर हाताने लिहिलेले संगणकाचे व टंकाचे नाव अशा वेळी चकतीइतकेच मोलाचे ठरते.

म्हणून जुन्या चकत्या हाती आल्यास त्या लागलीच चालवून पाहू नयेत; सव्वापाच इंची चकतीवरील लिहिण्यास मनाई करणारी खाच बंद करून किंवा साडेतीन इंची चकतीवरील झडप उघडून, चकती तपासून व शीर्ष स्वच्छ करूनच वाचन करावे. तसेच ज्या ड्राइव्हने त्या लिहिल्या तो उपलब्ध असल्यास, सदोष म्हणून तो टाकू नये. त्या चकत्या वाचू शकणारे कदाचित तेवढेच एक यंत्र उरलेले असते.